फटीवरचा रंग

नख आत गेलं नाही. गाडीच्या पुढच्या जाळीची काळी चौकट आणि तिच्याभोवतीचा पत्रा यांच्यामध्ये बारीकशी फट असते. कुठल्याही गाडीला असते, आणि तीस वर्षं गाड्यांची तोंडं उघडून परत बसवणाऱ्या माणसाचं नख त्या फटीत डोळे मिटूनही पडतं. त्याचं पडलं नाही. त्याने डावीकडून उजवीकडे नख फिरवलं, उलट फिरवलं, मग चष्मा कपाळावर सरकवून नाक जवळजवळ पत्र्याला टेकवलं. रंग सलग होता. पत्र्यावरून निघालेला निळसर करडा रंग फटीवरून तसाच पुढे जाऊन चौकटीच्या कडेवर चढला होता आणि तिथे, टेप लावली होती त्या रेषेत, सरळ थांबला होता. म्हणजे गाडी रंगवली तेव्हा जाळी जागेवरच होती. आणि गाडी दादानं रंगवली होती. या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं शक्य नव्हतं. पोत्याच्या घडीवर उकिडवा बसून तो बघत राहिला.

"काय झालं, भाऊजी?" मागून वहिनींनी विचारलं. त्या इमारतीच्या जिन्याजवळ प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर हात ठेवून.

"काही नाही. बघतोय."

"बराच वेळ बघताय."

"बघण्यातच निम्मं काम असतं, वहिनी." तोंडातून निघाल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे वाक्य दादाचं आहे. वहिनींच्याही लक्षात आलं असणार.

दादा जाऊन आठ महिने झाले होते आणि वहिनींचा पहिला फोन आज सकाळी आला होता. दादा गेला त्या दिवशी तो आला होता, माणसांच्या मागे खांबापाशी उभा राहिला होता आणि कुणाशी न बोलता निघून गेला होता. त्यानंतर त्या घराची पायरी तो चढला नव्हता. फोनवर त्यांचं नाव दिसलं तेव्हा त्याला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण वहिनी जाळीबद्दल बोलत होत्या. पुतणीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, उद्या सकाळी ती बापाची गाडी घेऊन निघणार होती, आणि आठवड्यापूर्वी कुणीतरी आपली गाडी मागे घेताना गाडीच्या तोंडावर ठोकर मारून गेलं होतं. पत्र्याला काही झालं नव्हतं. जाळी मात्र मधोमध मोडून आत, रेडिएटरच्या अंगावर झुकली होती. लांबच्या रस्त्यावर ती तशीच घासत राहिली तर रेडिएटर फुटणार हे उघड होतं. नवी जाळी मिळाली होती. गॅरेजवाल्यानं जुनी हलवून बघितली आणि हात वर केले: काढून देतो, पण रंग जाईल, आणि हा रंग आम्हाला जुळवता येणार नाही, अख्खं तोंड नव्यानं रंगवावं लागेल. जुळणार कसा? दादानं तो डोळ्यानं कालवला होता, एक थेंब याचा, दोन थेंब त्याचे, आणि कुठेच लिहून ठेवला नव्हता. डब्यात उरलेला रंग वाळून दगड झाला होता. पुतणी म्हणाली होती, बाबांचा रंग जाणार असेल तर मी बसनं जाते. "तुम्ही काढून द्याल का, भाऊजी? रंगाला धक्का न लावता?" वहिनींचं वाक्य संपायच्या आत तो हो म्हणून बसला होता. घाई त्याच्या रक्तातच होती.

त्याच घाईमुळे त्याचं नाव पडलं होतं. कार्यशाळेत सगळे त्याला झटक्या म्हणायचे आणि हे बारसं खुद्द दादानं केलं होतं. दादा रंगाचा माणूस, हा फिटर. दादा दहा वर्षांनी मोठा, त्यानंच याला तिथे चिकटवलं. रंगाला आलेल्या गाडीची जाळी, दिवे, दांडे, आरसे, जे जे म्हणून निघतं ते आधी याने काढायचं आणि मग दादानं रंग फवारायची गन हातात घ्यायची. जे निघत नाही त्यालाच टेप, यात सूट नव्हती. एकदा मालकानंच म्हटलं होतं, गिऱ्हाईक दारात उभं आहे, आजच्या दिवस जाळीला टेप लावा आणि उडवा रंग. दादानं गन खाली ठेवली, हात धुतले आणि चहा प्यायला निघून गेला. टेप लावून रंगवलेली गाडी म्हणजे शर्टाच्या आत बनियन उलटं घातल्यासारखं, दादा म्हणायचा, दिसत कुणालाच नाही पण दिवसभर आपल्याला टोचतं. आणि गाडीवरचा हा रंग याच माणसाच्या हातचा होता. टेप लावलेला, फटीवरून गेलेला, आतून उलटा. एखाद्या शिकाऊ पोरानं केलं असतं तर दादानं त्याला दारात उभं केलं असतं.

त्याने बॉनेट उघडलं. वरचे दोन स्क्रू साधे होते, ते सुटले. त्यांच्यावर मात्र रंगाचा ठिपकाही नव्हता. उलट एकाच्या डोक्यावर स्क्रूड्रायव्हर घसरल्याचे ओरखडे होते. कुणीतरी तो सोडवायचा प्रयत्न केला होता, किंवा सोडवून परत लावला होता. त्याने स्क्रू खिशात टाकला आणि त्या ओरखड्यांचा विचार करायचा नाही असं ठरवलं. जाळीच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकच्या क्लिपा, त्या मागून हात घालून दाबल्या की सुटतात. खाली तीन जिभा, त्या पत्र्याच्या खाचांमध्ये बसलेल्या. म्हणून जाळी कधी आपल्याकडे ओढायची नसते, आधी वर उचलायची असते. ओढली की खालची कड पत्र्यावर खरवडत येते. हे त्याला माहीत होतं, पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं, आणि तरीही आयुष्यभर त्याने जाळ्या ओढूनच काढल्या होत्या, कारण शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ओढून निघतात. मोडकीच तर आहे, करवतीनं तुकडे करून काढावी, असंही क्षणभर मनात आलं. पण करवत चालली की सगळं थरथरणार, आणि चौकटीला चिकटलेला रंग तडकायला तेवढं पुरे. एकदा तडा पडला की तो किती आत जाईल हे कुणाच्या हातात राहत नाही.

"वहिनी, केस वाळवायचं यंत्र आहे का घरात?"

"पोरीचं आहे. आणते." त्या उठल्या, तळमजल्याच्या खिडकीतून वायर बाहेर सोडली आणि यंत्र आणून त्याच्या हाताशी ठेवलं. कशाला म्हणून विचारलं नाही. त्याला ते विचारणं हवं होतं. माणसं काही विचारतात तेव्हा त्यांना काय माहीत आहे याचा अंदाज येतो. वहिनी विचारत नव्हत्या, आणि त्याच्या पाठीला त्यांची नजर कळत होती. दादानं त्यांना सांगितलं होतं का, हा एकच प्रश्न तो सकाळपासून डोक्यात घेऊन फिरत होता. सांगितलं असेल तर त्यांनी मला बोलावलं कसं? नसेल सांगितलं, तर दोन वर्षं मी घरी का येत नाही याचं दादानं काय कारण दिलं?

पत्र्याच्या कडेनं त्याने कागदी टेप लावली, एकावर एक तीन पदर, म्हणजे पातं घसरलं तर टेपवर घसरेल. मग यंत्राची गरम हवा हळूहळू फटीवरून फिरवली. फार जवळ नेलं तर रंग फुगणार, लांब धरलं तर कडक राहणार. तळहात मध्ये धरून तो ऊब मोजत होता. गरम झालेल्या रंगाचा वास यायला लागला आणि त्या वासाबरोबर कार्यशाळेतली ती सकाळ आली, त्याने बोलावली नव्हती तरी. एक पांढरी गाडी. जाळीला त्याने हिसका दिला आणि बंपरच्या कोपऱ्यावरून रंगाचा टवका उडाला. दादानं तोंडावरचा मास्क काढला, खाली वाकून तो टवका उचलला, तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवत फिरला. "बघा, आमच्या झटक्याची कमाई." सगळे हसले. तोही हसला होता, सगळ्यात आधी तोच हसला होता, आणि हे त्याला नंतर फार लागलं. हसता हसताच तो बोलून गेला, "दादा, तुला जिन्याच्या चार पायऱ्या चढवत नाहीत, दर पायरीला थांबतोस. आधी आपला श्वास सांभाळ, मग माझे हात बघ." हसणं थांबलं. वर्षभर दादा तो श्वास लपवत होता. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं; जड डबे कुणीतरी आपणहून उचलून द्यायचं, जिना चढताना कुणीतरी मुद्दाम गप्पा मारत सावकाश चढायचं. मालक ऑफिसच्या दारात उभा होता. मालक काही वाईट माणूस नव्हता. त्याने दादाला तपासणीला पाठवलं, छातीचे फोटो काढवले, आणि महिन्याभरात सांगितलं की आता घरी आराम करा. ज्या दिवशी दादानं आपलं सामान भरलं त्या दिवशी हा गाडीखाली झोपून राहिला होता, दुरुस्त करण्यासारखं काही नसताना. दादाचे बूट गाडीजवळ आले, थोडा वेळ थांबले आणि गेले.

त्यानंतर दादानं फोन केला नाही. यानेही केला नाही. आधी वाटायचं, पुढच्या आठवड्यात करू. मग इतके आठवडे झाले की आता करायचा तर काही कारण पाहिजे असं वाटायला लागलं, आणि कारण सापडलं नाही. दादानं घरी बसून स्वतःची जुनी गाडी रंगवायला काढली आहे असं कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा त्याला मनातून वाटलं होतं, आता बोलावेल. जाळी काढायला तरी बोलावेल. महिनाभर फोन आंघोळीला जाताना सुद्धा बरोबर नेत होता. गाडी रंगून झाल्याचंही मग कुणाकडून तरी कळलं, आणि त्याने समज करून घेतला की दादानं आपल्याला कायमचं काढून टाकलं. राग आला होता. इतका राग, की पुढे दादा आजारी आहे, एकदा भेटून ये, असं बायकोनं सांगितलं तेव्हा हा म्हणाला होता, त्याला माझी गरज नाही.

आणि आता ही फट. त्याने नवं पातं घेतलं, टोक चौकटीच्या प्लॅस्टिककडे कललेलं ठेवलं, म्हणजे चिरलं तर मोडक्या जाळीला चिरेल, आणि पहिली रेघ ओढली. फार हलक्या हातानं. एका दमात कापायचं नाही. एकाच जागेवरून सात-आठ वेळा जायचं, प्रत्येक वेळी थोडं खोल. श्वास सोडताना हात चालवायचा, घेताना थांबवायचा. वितीएवढं अंतर कापायला पंधरा मिनिटं लागली. दादा इथेच बसला असेल, या खांबाशेजारी, याच उंचीवर. बसायला जमत होतं का त्याला? स्टूल घेतलं असेल. टेप दातानं तोडली असेल. दिव्याच्या खालच्या कोपऱ्यात टेपची रेघ जरा तिरकी गेली होती आणि परत सरळ केली होती. तिथे त्याला दम लागला असेल. जो माणूस टेप लावायला सांगितल्यावर गन ठेवून चहाला गेला, त्याने स्वतःच्या गाडीला, शेवटच्या गाडीला टेप लावली. का? काढता आली नाही म्हणून. हे कुणालाही कळलं असतं. जाळी लांब होती, एकट्याची नव्हतीच. एकानं मागून क्लिप दाबायची आणि दुसऱ्यानं उचलायची. दुसरा माणूस तीन बसथांबे पलीकडे फोन हातात घेऊन बसला होता. तरी दादानं टेप लावली. एवढा नकोसा झालो होतो मी त्याला, हा विचार मनात आला आणि त्याच क्षणी पातं घसरलं.

तो जागच्या जागी थिजला. पातं पत्र्याच्या बाजूला गेलं होतं. त्याने पातं उचललं नाही, आधी दुसऱ्या हातानं चष्मा नीट केला, मग पाहिलं. टेपचे दोन पदर कापले गेले होते. तिसरा शाबूत होता. त्याने तिथे बोट ठेवलं आणि नुसता बसून राहिला.

"पाणी देऊ?" वहिनींनी विचारलं.

"नको."

"ही सहापर्यंत येईल. तिला वाटतंय तुम्ही पाच मिनिटांत काढाल. काका पाच मिनिटांत काढतात म्हणाली."

"काका पाच मिनिटांत काढायचे म्हणून तर..." त्याने पात्याचं टोक परत फटीत टेकवलं. मागे खुर्ची हलल्याचा आवाज आला. सवा चार वाजले होते.

साडेपाचपर्यंत त्याने चारही बाजू मोकळ्या केल्या. आता नख आत पडत होतं, सगळीकडे, अगदी दिव्याच्या कोपऱ्यातही. डावीकडच्या क्लिपा सुटल्या. उजवीकडची वरची सुटली. खालची दाबायला त्याला हात कोपरापर्यंत आत घालावा लागत होता, आणि हात तिथे गेला की जाळीचं दुसरं टोक आपल्या वजनानं खाली लोंबायला लागत होतं, पत्र्याच्या कडेवर, नेमकं जिथे रंग सगळ्यात पातळ होता तिथे. तीनदा प्रयत्न केला, तीनदा सोडला. जुना हात आतून सांगत होता, दे एक हिसका, निघेल. बहुतेक निघालीही असती. तळव्याला घाम सुटला होता, त्याने तो पँटला पुसला.

"वहिनी, जरा येता? एक टोक धरावं लागेल."

वहिनी आल्या. त्याच्याशेजारी खाली बसल्या, आणि बसण्याआधी बोटातली अंगठी काढून त्यांनी पदराच्या टोकात गाठ मारून ठेवली. त्याने काही सांगितलं नव्हतं. मग त्यांनी तळवे उताणे करून चौकटीच्या खाली नेले, बोटं सरळ, अंगठे रंगापासून लांब. कार्यशाळेत नव्या माणसाला हे शिकवायला महिना लागायचा.

"हे कुणी दाखवलं तुम्हाला?"

"यांनीच." त्या जाळीकडे बघत होत्या. "रंगाच्या आधी आम्ही दोघांनी प्रयत्न केला होता ना. दोन दिवस. हे खाली बसले की उठायला पाच मिनिटं लागायची. माझ्या बाजूची क्लिप काही सुटेना. मी म्हटलं, ओढू का? तर ओरडले माझ्यावर."

त्याचा हात आत होता, क्लिपवर अंगठा टेकलेला. स्क्रूवरचे ओरखडे त्याला आठवले.

"मग म्हणाले, हे काही तुझं काम नाही. त्याला फोन लाव, तो येईल."

त्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "कुणाला?"

"तुम्हाला." वहिनींचा आवाज तसाच होता, हिशोबी, सपाट. "मी आत गेले. फोन घेतला. उभी राहिले थोडा वेळ. बाहेर येऊन सांगितलं, भाऊजी उचलत नाहीत. दुसऱ्या दिवशी परत म्हणाले, आज लाव. मी परत आत जाऊन आले आणि तेच सांगितलं. मग त्यांनी टेप मागितली."

क्लिप अर्धी दबलेली होती. सोडली असती तर परत बसली असती, दाबली असती तर सगळं वजन वहिनींच्या हातांवर गेलं असतं. त्याने यातलं काहीच केलं नाही. 

"तुम्ही तिथे काय बोललात ते मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "यांनी नाही सांगितलं. तिथलाच एकजण येऊन सांगून गेला. घरी बसल्यावर हे दिवसभर त्या खिडकीत असायचे. मला तुमचा फार राग होता, भाऊजी. वाटायचं, यांचं काम गेलं ते तुमच्यामुळे, आणि आता जाळी काढायला तुम्ही हसत हसत येणार. नाही लावला मी फोन. पुढे सांगून टाकू म्हटलं, तर हे गेलेच."

दादानं बोलावलं होतं. ही एवढीच गोष्ट त्याच्या डोक्यात आधी शिरली आणि ती इतकी मोठी होती की दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. डोळ्यांसमोरची जाळी पुसट झाली. मग मागोमाग दुसरी शिरली. दादा हे समजून गेला की मी उचलला नाही. दोनदा. त्याच्या खांद्यातून एक जोर निघाला आणि दंडातून खाली मनगटापर्यंत आला. त्याला किंचाळायचं होतं, ही मोडकी जाळी, गाडी, सगळं ओरबाडून काढायचं होतं. या बाईला विचारायचं होतं की आठ महिने तुम्हाला झोप कशी लागली. वहिनींचे हात थरथरायला लागले होते आणि चौकट पत्र्याच्या कडेला हलकेच टक टक लागत होती.

"घट्ट धरा," तो म्हणाला. "मी क्लिप दाबतोय. माझ्याकडे ओढू नका. वर उचला. हळू. अजून हळू."

क्लिप सुटली. खालच्या जिभा खाचांतून एकामागून एक वर आल्या, पहिली, दुसरी, तिसरीला जरा वेळ लागला. आणि जाळी गाडीपासून वेगळी झाली. दोघांच्या मध्ये, हवेत. त्याने मान वाकवून चारही कडा पाहिल्या. रंग कुठेही गेला नव्हता. उघड्या पडलेल्या पत्र्यावर, जाळीखाली होता तिथे, बोटभर रुंदीची गाडीच्या जुन्या रंगाची पट्टी दिसत होती आणि तिच्या कडेला दादाचा रंग सरळ, स्वच्छ कापल्यासारखा थांबला होता. 

वर कुठल्या तरी मजल्यावर भांडी पडल्याचा आवाज झाला.

"काय म्हणाला तो?" त्याने विचारलं. "तुम्ही सांगितलंत, उचलत नाही, तेव्हा?"

"म्हणाले, हात भरले असतील त्याचे ग्रीसनं. धुऊन करेल." त्यांनी चौकटीखालचे तळवे जरा सरकवले. "दोन्ही वेळा तेच म्हणाले."

जाळी हलकी होती, पोकळ प्लॅस्टिकची, मोडलेली. एका हातानं सहज पेलली असती. वहिनींच्या दंडाला आता कंप सुटला होता, कपाळावर घाम होता.

"ठेवू खाली?" त्यांनी विचारलं.

"नको," तो म्हणाला. "धरा अजून जरा."